आत्याच्या पायाखालचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईला तीन नावं होती. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकासाठी ती मॅडम, शिकायला येणाऱ्यांसाठी बाई, आणि घरी, भावाच्या एकुलत्या एका मुलीसाठी, आत्या. तिसरं नाव कानावर पडलं की ती हातातलं काम टाकून वळायची. बाकीच्या दोन्हींना नुसतं 'हं' मिळायचं.

स्कूल म्हणजे टायरच्या दुकानाला चिकटलेली एक खोली. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, त्यातला लाल रंग उन्हानं गुलाबी झालेला. दोन खुर्च्या, पैकी एक डुगडुगणारी, आणि नवशिक्याच्या वाट्याला हमखास तीच यायची. बाहेर पांढरी गाडी उभी असे. टपावर 'शिकाऊ' अशी पाटी, बंपरला नाना रंगांचे ओरखडे. कुठला ओरखडा कुणाचा हे बाईला तोंडपाठ होतं आणि ती ते मायेनं सांगायची, जशा कुणी मुलांच्या खोड्या सांगाव्यात. शेजारच्या सीटसमोर, पायाशी, एक जादा ब्रेक बसवलेला होता. तो बाईचा.

त्या ब्रेकवर तिचा पाय इतका हलका पडायचा की गाडी आपणच थांबवली असं शिकणाऱ्याला वाटे. दुसरे शिकवणारे खाडकन ब्रेक मारत आणि वर चार शब्द सुनावत. बाई समोर बघत, गप्पा चालू ठेवत पाय अलगद दाबायची आणि गाडी शहाण्यासारखी उभी राहायची. "बघा, कसे वेळेवर थांबलात," ती म्हणायची, आणि घामाघूम झालेला माणूस फुलून यायचा. आधी धीर, अक्कल मागून येते, असं तिचं म्हणणं. निवृत्त झालेले गणिताचे एक सर तर घरी सांगत असत की आपल्याला ब्रेकचा अंदाज उपजतच आहे. त्यांची बायको म्हणायची, संसारात कधी दिसला नाही तो.

बाईचं लग्न राहून गेलं होतं. कसं राहिलं याची हकिकत ती दरवेळी वेगळी सांगायची आणि दरवेळी हसवायची, म्हणून पुढे कुणी विचारीना. भाऊ तिच्याहून धाकटा, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारा. भावजय टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी करायची. त्या तिघांत मिळून एक मुलगी वाढली. लहानपणी तिचे गाल असे होते की चिमटा काढल्याशिवाय कुणाला राहवत नसे, त्यावरून नाव पडलं गुबू. शाळा सुटली की आत्या तिला शिकाऊ गाडीतूनच घरी आणायची. मागच्या सीटवर उभी राहून गुबू पुढच्याच्या कानात ओरडायची, "काका, गिअर टाका," आणि काका दचकून वायपर सुरू करायचे.

चौदावं लागलं तेव्हा तिनं सांगितलं, मला गुबू म्हणायचं नाही. म्हणून इथून पुढे आपणही म्हणायला नको.

घरात ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग तिनं गोड सोडलं. चांगलंच की, सगळे म्हणाले. मग लोणी सुटलं, मग भात. शाळेत खाल्लं, मैत्रिणीकडे खाल्लं, पोट दुखतंय, नंतर खाते. स्वयंपाकघरात मात्र ती सदा हजर. दुसऱ्यांसाठी केक भाजायची, आत्याच्या ताटात आग्रहानं वाढायची, आत्या खात असताना टक लावून बघायची, आणि स्वतः ओट्याला टेकून पाणी प्यायची. काही विसरल्याचं निमित्त करून जिना पुन्हा पुन्हा चढायची. ऐन उन्हाळ्यात अंगात जाड स्वेटर. आत्याला कळलं ते हातावरून. रस्ता ओलांडताना सवयीनं तिनं मुलीचा हात धरला, तर तो नळाच्या पाण्यासारखा गार, आणि मनगटाची हाडं सरळ बोटांना लागली. तिनं भावाला सांगितलं. भाऊ म्हणाला, परीक्षा जवळ आली आहे ना. पुढे एका सकाळी शाळेच्या मैदानावर रांगेत उभ्या उभ्या मुलगी कोसळली आणि परीक्षेची सबब संपली.

मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या आणि बोलायला सरळ. या आजारात मुलाला खाण्याची आणि अंग भरण्याची खरोखरची दहशत बसते, हा हट्ट नव्हे, त्यांनी आधीच सांगून टाकलं. कुणामुळे झालं हे शोधत बसू नका, खूप गोष्टी एकत्र येऊन होतं ते. आत्यानं हळूच विचारलं, आम्ही सगळे तिचे गाल ओढायचो, त्यानं तर नसेल? डॉक्टर हसल्या नाहीत. नुसत्या गाल ओढण्यानं कुणी आजारी पडत नाही, म्हणाल्या, पण आता ओढू नका.

मग त्यांनी उपायांचे रस्ते एकेक करून समोर मांडले. एक घरचा. त्यात काही काळ जेवणाचा सगळा कारभार मोठ्यांनी हातात घ्यायचा. काय, किती, केव्हा हे त्यांनी ठरवायचं, प्रत्येक खाण्याला सोबत बसायचं, खाऊन झाल्यावरही जवळ राहायचं, आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून समुपदेशक बाईंकडे यायचं. मुलगी सावरेल तसा तो कारभार थोडा थोडा तिच्या हाती परत द्यायचा. त्यानं भागलं नाही तर दिवसाचा विभाग आहे, तिथे सकाळी येऊन जेवण, अभ्यास, बोलणं, सगळं तिथेच, आणि संध्याकाळी घरी. आणि नाडी फार मंद झाली, उभं राहिलं की अंधारी येऊ लागली, तर भरती, आणि अगदीच वेळ आली तर नाकातून नळीनं अन्न. या आजाराची म्हणून अशी एक गोळी नाही. सोबतची भीती किंवा उदासी फार वाढली तर कधी औषध देतात, पण मुख्य औषध ताटातलंच. आधी शरीराला पुरेसं मिळायला हवं, मग डोकं ऐकू लागतं. भावानं विचारलं, भरती म्हणजे शेवटचा उपाय का? डॉक्टर म्हणाल्या, शेवटचा कशाला, ज्या वेळी लागतो त्या वेळचा.

घरचा रस्ता ठरला. ऐकता ऐकताच आत्याला वाटून गेलं होतं की हे तर आपलंच काम. आधी गाडी आपल्या ताब्यात ठेवायची, मग हळूहळू सोडायची. आयुष्यभर दुसरं केलंय काय आपण?

सकाळ आईकडे आली, रात्र वडिलांकडे. दुपारी बाईला शिकवणी नसे, तेव्हा दुपारचं जेवण आणि नंतरचं दूध आत्याच्या वाट्याला आलं. शाळा तूर्त बंद. खिडकीपाशी जेवणाचं टेबल, खाली बसथांबा, आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोघी.

पहिल्या दुपारी मुलीनं पावाचे नखाएवढे तुकडे केले. त्यांची रांग लावली, मोडली, पुन्हा लावली. बटाट्याचा लगदा ताटाच्या कडेला इतका पसरला की संपल्यासारखा दिसावा. आत्यानं चमच्यानं तो गोळा करून पुन्हा मधे आणला.

"तू माझी आई नाहीस," मुलगी म्हणाली.

"नाही."

"मग मला सांगणारी तू कोण?"

"आत्या. खा."

पुढच्या दुपारी याहून वाईट ऐकावं लागलं. तू स्वतः जाडी आहेस म्हणून तुला मी जाडी व्हायला हवी आहे. तुझं कुणी नाही म्हणून तू माझ्यामागे लागली आहेस. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. आजार बोलतोय, मुलगी नाही, असं समुपदेशक बाईंनी बजावलं होतं, पण आजाराचा आवाज डिट्टो मुलीसारखा होता ही त्यातली पंचाईत. मुलगी उठून गेली की आत्या न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची आणि चूळ भरायची, उगाचच. मग परत येऊन बसायची. दुपारी लांबत गेल्या, अन्न गार व्हायचं, गरम व्हायचं, पण घास पोटात जाऊ लागले. अवघड घासाच्या आधी मुलगी डोळे मिटायची, टेबलावरून हात पुढे सरकवायची, आणि आत्या तो धरायची. यावर दोघी कधी बोलल्या नाहीत.

तपासणीत डॉक्टर म्हणाल्या, सुधारणा आहे, पण सावकाश. पुढच्या वेळी नाडी याहून बरी दिसायला हवी, नाहीतर भरतीचा विचार करावा लागेल. रुग्णालयाच्या पायऱ्या उतरताना भावजयीचा चेहरा पांढराफटक पडलेला आत्यानं पाहिला, आणि तिचा पाय, जणू सवयीनंच, गुपचूप ब्रेककडे गेला.

दुसऱ्या दिवसापासून दुधात ती साय घोटून मिसळू लागली. बटाट्यात लोणी असं फेटायची की मागमूस राहू नये. सूपमध्ये एक पळी तेल. ताट दिसायला तेच, तेवढंच. मुलगी रडत, कुरकुरत का होईना, ते संपवायची, आणि आत्या म्हणायची, "बघ, जमलं की नाही तुला." तपासणीत नाडी बरी निघाली. मुलीनं काट्याकडे पाठ करून वजन करून घेतलं, आणि आकडा बघून डॉक्टरांनी मोठ्यांकडे पाहत मान हलवली. ठरवून दिलेलं प्रमाण योग्य आहे, म्हणाल्या, तेच चालू ठेवा. आत्यानं कुणालाच काही सांगितलं नाही. भावजयीलाही नाही. तिला मनातून गंमतच वाटत होती. एक बिकट वळण तिनं काढून दिलं होतं आणि गाडीतल्या कुणाला पत्ता नव्हता.

मग एका दुपारी दाराची घंटी वाजली. टपालवाला होता, भावजयीच्या कार्यालयातला, बोलघेवडा. आत्या परत आली तोवर दूध निवलं होतं. मुलगी पेला उजेडात धरून बघत होती. आतल्या बाजूला पिवळसर, तुपकट कडं धरलं होतं. तिनं त्यावरून बोट फिरवलं, बोट अंगठ्यावर घासलं, पेला खाली ठेवला. काही बोलली नाही. आत्याही बोलली नाही, आणि ही तिची त्या दिवसांतली दुसरी चूक.

त्या संध्याकाळपासून मुलगी फक्त सालीतलं खाऊ लागली. उकडलेलं अंडं, तेही स्वतः सोलून. केळं, पण साल शाबूत असेल तर. संत्रं. पाणी नळाखाली स्वतः भरलेलं. जिला माणसाचा हात लागला असेल अशा कुठल्याही वस्तूला ती शिवेना, आईच्या हातचं नाही, बापाच्या हातचं नाही. आईबापांना काही कळेना. विचारलं तर म्हणे, मला सालीतलंच हवं. पुढे अंडंही नको झालं. नाडी पुन्हा खाली गेली, सकाळी उठताना तिनं भिंत धरली, आणि डॉक्टरांनी भरती करून घेतलं.

वॉर्डात डॉक्टर आईबापांशी बोलल्या तेव्हा आत्या मागे उभी होती. त्यांना कोडं पडलं होतं. जे प्रमाण नीट लागू पडत होतं त्यावरच एकदम घसरण कशी? कदाचित या घराला घरचा रस्ता झेपत नसेल, बरं वाटल्यावर दिवसाच्या विभागात घालू. डॉक्टर चुकीचा हिशोब मांडताहेत आणि तो चुकवला आपण, हे आत्याला तिथे, औषधांच्या गाडीला धरून उभी असताना कळलं. ज्या आकड्यावर सगळे विसंबले होते तो ठरलेल्या ताटाचा नव्हताच.

समुपदेशक बाईंच्या खोलीत चौघं बसली होती तेव्हा तिनं सांगितलं. मुलीकडे बघून सांगितलं, कारण बाकी कुणाकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

"दुधात साय मी घालत होते. बटाट्यात लोणी पण. तुला न सांगता. चुकलं माझं."

"मला माहितीये," मुलगी भिंतीला म्हणाली.

भावजय एरवी तिला ताई म्हणायची. त्या दिवशी 'वन्सं' म्हणाली, आणि त्या एका हाकेत पंधरा वर्षांची जवळीक पुसली गेल्यासारखं झालं. वन्सं, आम्ही वेड्यासारखे विचार करत बसलो, डॉक्टरांना विचारत बसलो, आणि तुम्ही गप्प. भाऊ चष्मा काढून पुसत राहिला. समुपदेशक बाई कुणाला रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की अन्नाची भीती हिला होतीच, तरी ती घास घेत होती तो ताटावर विश्वास ठेवून नव्हे, समोरच्या माणसावर ठेवून. लोणी घालण्यात चूक नाही. तिनं काय खायचं हे ठरवण्यातही नाही. पण ती काय खाते आहे हे तिला आणि आम्हाला ठाऊक असायला हवं.

"पुढे घालीन ते सांगून घालीन," आत्या म्हणाली. "कमी करणार नाही. पण सांगेन."

"मी तुझ्या हातचं खाणारच नाही," मुलगी म्हणाली. ओरडून नाही, अगदी साधेपणानं, जसं एखादी मुलगी सांगते की मला दुधी रंग आवडत नाही.

वॉर्डात दुपारच्या जेवणाला सोबत कोण हवं हे मुलांना विचारत. मुलीनं मोठ्या आवाजाची एक नर्स निवडली. ही नर्स जेवणाच्या वेळी वर्तमानपत्रातली कोडी मोठ्यानं वाचायची आणि स्वतःच चुकीची उत्तरं द्यायची. आत्या तरीही रोज यायची. तिच्यासाठी बाहेर बाक होतं. आतून नर्सचा आवाज, चमच्यांचा आवाज, कधी रडणं, असं सगळं ऐकत ती बसायची, आणि जेवण संपलं की दारातून हात हलवून जायची. आतून हात हलत नसे. नळीची वेळ आली नाही. तिथल्या शिस्तीत, कोड्यांच्या तालावर, मुलगी हळूहळू खाऊ लागली, पण आत्याला हे दुसऱ्यांकडून कळायचं.

त्याच दिवसांत गणिताच्या सरांची शिकवणी होती. चौकात समोर सायकल आडवी आली, बाईचा पाय अलगद खाली गेला, गाडी थांबली, आणि नेहमीच्या वाक्याऐवजी ती म्हणाली,

"सर, आत्ता ब्रेक मी मारला."

मागून हॉर्न वाजू लागले. "आजच?" सरांनी विचारलं.

"नाही. पहिल्या दिवसापासून."

त्यांनी गाडी कडेला घेतली. ती घेताना बाईचा पाय ब्रेकवर नव्हता हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. सरांनी स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. मग म्हणाले, म्हणजे मला येतच नाही तर. बाई म्हणाली, येतं थोडं, पण किती ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. सर रागावून पायी घरी गेले. मालकानं डोक्याला हात लावला. मॅडम, अशानं गिऱ्हाईक पळेल. एक पळालंही. सर मात्र दोन दिवसांनी हजर झाले, डुगडुगत्या खुर्चीवर ताठ बसले आणि म्हणाले, आज पाय लावाल तेव्हा तोंडानं सांगायचं. त्या दिवशी त्यांनी टायरच्या दुकानाची बादली उडवली. बादलीचे पैसे दुकानदाराला भरून दिले आणि इतके खूश झाले की बायकोला फोन करून कळवलं.

मुलगी घरी आली. भावजयीनं रजा काढून दुपारी सांभाळल्या. बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, आधी मीठमिरचीपुरतं, मग एका दुपारी टपालवाल्याच्या बडबडीवरून दोघी नणंदा-भावजया एकदमच हसल्या आणि 'ताई' परत आली. पण रजा संपणारच होती. दुपारी कुणीतरी बसायला हवं होतं आणि बसू शकणारं माणूस घरात एकच होतं. समुपदेशक बाईंनी मुलीला विचारलं. मुलीनं खांदे उडवले. तिच्याकडून आत्याला मिळालेलं ते बऱ्याच दिवसांतलं पहिलं उत्तर.

पहिल्याच दिवशी सरांची शिकवणी लांबली, आणि मुलीला एकटं सोडायचं नसल्यानं तिला गाडीत मागे बसावं लागलं. आता तिचे पाय तिथे मावत नव्हते. सर पाण्याच्या टाकीकडचा चढ चढत होते.

"ब्रेक माझा," बाई म्हणाली.

"कळलं मला," सर म्हणाले. "आता पुढचा माझा. बघा हं, लावू नका पाय."

गाडी हातभर मागे घसरली, थरथरली आणि थांबली. सर स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. आत्यानं आरशात पाहिलं. मुलगी तिच्या पायाकडे वाकून बघत होती.

दुपारी टेबलावर ताट ठेवून आत्या समोर बसली.

"बटाट्यात लोणी आहे. दुधात साय आहे. पाव नुसता आहे."

"किती लोणी?"

"ते नाही सांगणार. आहे, एवढं सांगेन."

मुलीनं ताट थोडं दूर सरकवलं. खाली एक बस आली, माणसं चढली, बस गेली. "सरांना आधी का सांगायची नाहीस?"

"घाबरतील म्हणून."

"सर?"

आत्या थांबली. उत्तर तयार होतं, पण ते खरं वाटेना. "मी," ती म्हणाली. "त्यांना घाबरलेलं बघायची मला भीती वाटते. तुला तर फारच."

मुलगी रडली. लोणी आहे हे ऐकून लोणी खाणं हे न ऐकता खाण्यापेक्षा कितीतरी अवघड होतं, आणि आत्यानं ते अवघड तिच्यासमोर उघडं ठेवून दिलं होतं. बटाटा दोनदा गरम करावा लागला. मधेच ती उठून दारापर्यंत गेली आणि परत आली. ऊन टेबलावरून भिंतीवर चढेपर्यंत ते जेवण चाललं. शेवटी ताट रिकामं झालं. तिनं हात पुढे केला नाही. आत्यानंही मागितला नाही.

सगळं तिथून सुरळीत झालं असं म्हणायला आवडलं असतं. दुसऱ्याच दिवशी पेला जमिनीवर फुटला. पण 'यात काय घातलंस' हा प्रश्न हळूहळू बारीक होत गेला, मग नुसतं बोट दाखवणं उरलं, मग एक दिवस तेही राहून गेलं, आणि ते राहून गेल्याचं आत्याला ताटं घासताना आठवलं. मुलगी अर्धा दिवस शाळेत जाऊ लागली. समुपदेशक बाई आता तिच्याशी एकटीशीही बोलत, मैत्रिणींबद्दल, आरशाबद्दल. हात गार राहीनासे झाले. कधी गाडी मागे घसरायची, एखादा आठवडा पुन्हा आईबाप दोन्ही वेळा समोर बसायचे, आणि डॉक्टर म्हणायच्या, असंच असतं हे.

मग एका बैठकीत ठरलं की शाळेतून आल्यावरचं खाणं मुलीनं स्वतःचं स्वतः घ्यायचं. ठरलेलं, पण एकटीनं. आत्यानं घरात असावं, स्वयंपाकघरात नसावं.

आत्या बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसू लागली. पहिले दिवस तिनं एकाच पानावर काढले. आतून कपाटाचा, बशीचा, खुर्चीचा आवाज यायचा, मग मुलगी बाहेर येऊन 'झालं' म्हणायची, आणि आत्या 'बरं' म्हणायची. दोन्ही शब्द जपून बोलले जायचे, नव्या काचेवर बोट उमटू नये तसे.

एका दुपारी 'झालं' आलं नाही. मुलगी दारात येऊन उभी राहिली, खांद्यावर अजून शाळेची बॅग.

"अर्धा पाव मी खिडकीतून टाकला," ती म्हणाली. "चीज लावलेला. तुला सांगतेय."

आत्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. कितीतरी गोष्टी तिच्या ओठांवर आल्या. का टाकलास, आता डॉक्टर काय म्हणतील, असू दे, रात्री जरा जास्त वाढू. शेवटच्या वाक्यापाशी ती थबकली, आणि तिनं ते गिळलं.

"कुणाला दिसलं?"

"बसथांब्यावरच्या मांजराला. खातंय ते."

"नशीबवान आहे." आत्या उठली. "चल. अर्धा राहिला ना मग तुझा. आज मी बसते."

"मी सांगितलं नसतं तर तुला कळलंही नसतं."

"नसतं कळलं."

मुलगी बॅग खाली टाकून आत गेली, फ्रीज उघडला, पाव काढला, चीज काढलं. सुरीनं ती ते लावू लागली, कपाळाला आठ्या घालून, कडेपर्यंत, चिडलेली माणसं जशी अक्षर मुद्दाम चांगलं काढतात तशी. समोरच्या खुर्चीवर आत्या बसली.

"बघू नकोस ना," मुलगी म्हणाली.

"बघणार. त्यासाठीच बसलेय."

मुलीनं घास घेतला. बराच वेळ चावला. खाली बस आली आणि गेली.

"मग निदान तोंड तसं करू नकोस," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "मी चढ चढतेय असं वाटतं तुझ्याकडे बघून."

आत्यानं तोंड सरळ करायचा प्रयत्न केला. जमलं नाही तिला. मुलीनं दुसरा घास घेतला.